वापरणारा चुकणारच

कुकर फुटला, गिझरचा शॉक बसला, स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते: योग्य ती काळजी न घेतल्याने दुर्घटना घडल्याचा प्राथमिक अंदाज. हा अंदाज कोणी बांधला, कशावरून बांधला, याचा पत्ता नसतो. ज्याच्या घरात स्फोट झाला तो एक तर इस्पितळात असतो, नाही तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या प्रश्नांनी बेजार झालेला असतो. वस्तू बनवणारा शेकडो मैल दूर. त्याला कोणी फोन करून विचारत नाही, की बाबा रे, तू काय काळजी घेतली होतीस?

माझे म्हणणे असे, की वापरणारा माणूस चुकणार हे उत्पादकाला ठाऊक असते. नसेल तर त्याने त्या धंद्यात पडू नये. तो घाईत असेल, विसरेल, पत्रक न वाचता फेकून देईल, झिजलेला भाग आणखी वर्षभर ओढेल. या सगळ्याचा हिशेब आधी करून, ती चूक जिवावर बेतणार नाही अशी वस्तू बाजारात आणणे हेच उत्पादकाचे काम आहे. बारीक टायपात चौदा सूचना छापल्या म्हणजे ते झाले, असे होत नाही.

हे अशक्य कोटीतले नाही. घरातला कुकर जरा उलटापालटा करून पाहावा. आत बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जास्त दाब असतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, आणि ही दाबाची टाकी शेगडीवर चालू ठेवून आपण खुशाल अंगणात कपडे वाळत घालायला जातो. जाऊ शकतो, कारण आपल्या विसराळूपणाचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला आहे. पहिला पहारा शिट्टीचा. दाब वाढला की वजन उचलले जाते. पण डाळीचे साल नळीत अडकले तर? म्हणून झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी आटून कुकर नको तितका तापला की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या अनेक कुकरांत कडेला एक खाच असते. बाकी सगळे तुंबले तर रबरी गास्केट त्या खाचेतून बाहेर फुगते आणि वाफ तिथून निसटते. आतून बसणाऱ्या झाकणाची तर गंमतच आहे. ते तोंडाच्या आतल्या बाजूने वर ओढून बसवलेले असते, त्यामुळे आतली वाफच त्याला काठाशी घट्ट दाबून धरते. वाफ असेपर्यंत कितीही जोर लावा, उघडत नाही. ‘वाफ गेल्याशिवाय झाकण उघडू नये’ हे पत्रकात लिहिलेले असतेच, पण पत्रक न वाचणाऱ्यालाही ते झाकण थांबवते.

सुरक्षितता म्हणतात ती ही. मात्र ती कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी गास्केटे, शिट्ट्या, सेफ्टी व्हॉल्व्ह असे सुटे भाग ढिगाने मिळतात. कोणत्या कंपनीचे, कोणत्या धातूचे, काही विचारायचे नाही. मूळ कंपनीचा व्हॉल्व्ह तालुक्याच्या गावी मिळत नाही, मिळाला तर दुप्पट भावाला. मग घरातला माणूस दहा-वीस रुपयांचा उचलतो आणि दुसरा पहारा कायमचा झोपी जातो. अशा कुकरला अपघात झाला की कंपनी म्हणणार, अस्सल सुटे भाग वापरले नव्हते. खरे आहे. पण अस्सल भाग गावोगाव आणि परवडेल अशा किमतीत पोचवणे हा विक्री खात्याचा प्रश्न आहे की सुरक्षिततेचा? मला तो सुरक्षिततेचाच वाटतो.

सरकारने घरगुती कुकरांना १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. तरी पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अ‍ॅमेझॉनवरून विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरांबाबत आदेश काढावा लागला: ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, शिवाय एक लाख रुपये दंड. पुढे हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातही गेले. मला त्यातला दंडाचा आकडा खुपतो. एक लाख भागिले २,२६५. दर कुकरामागे सुमारे ४४ रुपये. चांगल्या गास्केटची किंमतही याहून जास्त असेल.

आता सूचनापत्रकाकडे येऊ, कारण गोव्यात या पत्रकाची जेवढी फजिती होते तेवढी क्वचितच कुठे होत असेल. आपल्याकडे वस्तू विकत घेणारा आणि ती वापरणारा हे बहुधा एक नसतातच. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घ्या. मालक कळंगुटचा, चालवणारा कालच दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर उतरलेला. ब्रेक कितपत लागतो, स्टँड वर घेतल्याशिवाय गाडी सुरू होते का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगितले तरी समुद्र समोर दिसत असताना तो ऐकणार नसतो. होमस्टेतला गिझर पाहुणे लावतात, मालक मडगावला राहतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरातले मिक्सर, फ्रायर, डिशवॉशर चालवणारी मुले ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेली असतात आणि हंगाम संपला की जातात. गिरणीतल्या, बेकरीतल्या यंत्रांचेही तेच. इंग्रजी पत्रक मालकाच्या कपाटात, नाही तर खोक्याबरोबर भंगारात.

अशा ठिकाणी ‘आम्ही इशारा दिला होता’ या वाक्याला काय अर्थ उरतो? कायदाही याबाबत आता तितका भाबडा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात वस्तूच्या दोषामुळे झालेल्या हानीची जबाबदारी स्वतंत्रपणे मांडली आहे. कलम ८४ उत्पादकाविषयीचे. बनवताना राहिलेला दोष, रचनेतलाच दोष, ठरलेल्या मापाबरहुकूम न बनवणे, दिलेल्या हमीप्रमाणे नसणे आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न देणे, अशी पाच कारणे त्यात येतात. म्हणजे सूचना हे पाचांतले एक कारण. ते नीट पार पाडले म्हणून रचनेतला दोष माफ होत नाही. पण कलम ८७ मध्ये पळवाटही आहे: वस्तूचा गैरवापर झाला होता, तिच्यात फेरफार केला होता, असे दाखवता आले तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, आणि आपला माल स्वतः विकणारा उत्पादकही त्या विक्रेत्यातच मोडतो. प्रत्येक खटल्यात भांडण जुंपते ते इथे. गैरवापर कशाला म्हणायचे? कुकरात कपडे उकळले तर तो गैरवापर, मान्य. शिट्टीची नळी महिनाभर साफ केली नाही, हा गैरवापर नव्हे. ते रोजचे आयुष्य आहे.

माणसाच्या चुकीइतकीच दुसरी एक गोष्ट उत्पादकाला आधी कळायला हवी. वस्तू कुठल्या हवेत नांदणार आहे? आमच्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटते. हरमल, कांदोळी, बाणावलीच्या किनाऱ्यालगतच्या घरांत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. तिथे पंख्याच्या हुकापासून गॅसच्या शेगडीच्या पायांपर्यंत सगळे गंजते. पंखा छताला लटकवणाऱ्या दांड्याला नट-बोल्ट असतो, बोल्ट निसटू नये म्हणून दुहेरी पिन असते, आणि चांगल्या पंख्याला वरून एक सुरक्षा तारही येते. पण बोल्ट, पिन आणि तार तिन्ही एकाच स्वस्त लोखंडाची असतील तर तिन्ही एकाच पावसाळ्यात कुजतात. तीन पहारे नेमले खरे, पण तिघांनाही एकच रोग जडला.

कंपन्या चाचणी करत नाहीत असे नाही. धातूचा लेप किती टिकतो हे पाहायला मिठाच्या फवाऱ्याची चाचणी असते: ३५ अंश तापमानाच्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा. तो तपासायचा भाग सतत भिजलेला ठेवतो. प्रत्यक्षात बोल्ट सतत भिजलेला नसतो. सकाळी पाऊस, दुपारी ऊन, रात्री खारा वारा असा भिजत आणि सुकत तो जगतो, आणि ही ओली-सुकी पाळी धातूला वेगळ्याच रीतीने खाते. गंजशास्त्रातल्या लोकांनी हा आक्षेप कितीदा तरी घेतलेला आहे. तरीही जाहिरातीत इतक्या तासांची चाचणी पास, एवढेच येते.

हवेने वस्तू बिघडून माणसे मेल्याचे एक ठळक उदाहरण गाड्यांच्या एअरबॅगचे आहे. ताकाता या जपानी कंपनीने एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. ते स्वस्त पडत होते. वर्षानुवर्षे दमट हवा आणि उन्हाची चढउतार सोसल्यावर या रसायनाच्या वड्या आतून भुसभुशीत होतात, पेटल्या की नको तितक्या वेगाने जळतात, धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे चालकाच्या मानेत घुसतात. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूने अमेरिकेत दोन डझनांहून अधिक लोकांचा जीव घेतला. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे हे डबे, परत बोलवावे लागले. चाचण्यांचे खोटे अहवाल दिल्याच्या प्रकरणात कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला, १०० कोटी डॉलर भरायचे ठरले, आणि जूनमध्ये ती दिवाळखोरीत गेली. अमेरिकेने गाड्या परत बोलावताना प्रदेशांचा क्रम लावला तोही हवेप्रमाणे. फ्लोरिडा, हवाई यांसारखे उष्ण-दमट प्रदेश आधी, थंड-कोरडे नंतर. एकच गाडी, एकच भाग, पण कुठे राहता त्यावर धोका ठरतो. त्या हिशेबाने कोकण आणि गोवा कुठल्या रांगेत बसतील हे सांगायला तज्ज्ञ नको. भारतातही होंडा आणि इतर कंपन्यांनी ताकाताच्या एअरबॅगपायी गाड्या परत बोलावल्या.

आणि हवेचा हा रोग वयानुसार वाढतो. म्हणूनच आपला गाड्या परत बोलावण्याचा नियम वाचला की मी बुचकळ्यात पडतो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम ११०अ आणले, त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्याआधी सगळा मामला कंपन्यांच्या मर्जीचा होता. त्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वतःहून एक आचारसंहिता केली होती, एवढेच. आता सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकते, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड करू शकते. पण हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते! आठव्या वर्षी गंजणारा भाग, नवव्या वर्षी भुसभुशीत होणारी वडी, यांचे काय? गोव्यात पंधरा वर्षांच्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात. आमच्याकडे गाडी विकत नाहीत, भावाला देतात.

परत बोलावण्याच्या पत्राचीही हीच कथा. कंपनी पत्र धाडते ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. तो पत्ता म्हणजे कधी पुण्यातला फ्लॅट, कारण गाडी जुनी म्हणून तिकडून आणलेली. कधी साष्टीतले कुलूपबंद घर, कारण मालक इंग्लंडला किंवा आखातात गेलेला आणि गाडी मेहुण्याकडे. या बाबतीत मला घरगुती गॅसच्या सिलिंडरचा हेवा वाटतो. ती बहुधा एकमेव धोकादायक वस्तू असेल जी कंपनीकडे सारखी परत जाते. म्हणून तिची ठरावीक वर्षांनी तपासणी करता येते आणि पुढच्या तपासणीची तारीख तिच्या अंगावरच लिहिता येते. कड्याला जोडलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला पाहा, ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. तारीख उलटलेली असेल तर सिलिंडर दारातून परत पाठवण्याचा हक्क तुम्हाला आहे. वितरकाचा पोरगा कुरकुर करतो, पण बदलून देतो. गॅसला मुळात वासच नसतो. गळती नाकाला कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचे मरकॅप्टन घालतात. निष्काळजी माणसाचेही नाक शाबूत असते, हा विचार ज्याने केला त्याला माणूस कळला होता.

आता औषधांकडे वळतो आणि तिथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण वेर्णा, पिळर्ण, कुंडई, कोलवाळ या गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींतून औषधे बनून देशभर आणि परदेशांतही जातात. सासष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांचा संसार त्यावर चालतो.

१९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध पातळ स्वरूपात आणण्यासाठी ते डायइथिलीन ग्लायकॉल या औद्योगिक रसायनात विरघळवले. चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. विषारी आहे का, हे पाहिले नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत पुष्कळ मुले. त्यातून तिथे पुढच्या वर्षी कायदा आला, विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवा म्हणून. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच रसायन रुग्णांच्या पोटात गेले, १४ जण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने सगळी यंत्रणा उघडी पाडली. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुले दगावल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या कंपनीच्या सिरपांबाबत इशारा दिला. त्यावर वादही झाले. त्याच वर्षअखेर उझबेकिस्तान. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक लहान मुले, आणि तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ या सिरपात प्रयोगशाळेला डायइथिलीन ग्लायकॉल सापडले ४८.६ टक्के. परवानगीची मर्यादा आहे ०.१ टक्का.

जवळजवळ नव्वद वर्षे तेच एक विष. आता हे अज्ञान राहिलेले नाही. मूत्रपिंडे कशी निकामी होतात हे माहीत आहे, रसायन कसे ओळखायचे हे माहीत आहे, तपासणी महागही नाही. मग चुकते कुठे? चुकते पिंपाच्या दारात. सिरपात औषध विरघळवायला लागणारे प्रॉपिलीन ग्लायकॉल औषधी दर्जाचे आणि औद्योगिक दर्जाचे, दोन्ही दिसायला सारखे, पाण्यासारखे नितळ. औद्योगिक स्वस्त, पण त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असू शकते. माल मूळ उत्पादकाकडून थेट येत नाही. एक व्यापारी, दुसरा व्यापारी, मध्ये कुणी मोठ्या पिंपातून छोट्यात ओतलेले. प्रत्येक टप्प्यावर एक विश्लेषण प्रमाणपत्र पुढे सरकत जाते आणि कागद चोख असला की पिंप आत घेतले जाते. छिंदवाड्याच्या प्रकरणात तपासणीत सापडले तेही हेच, औषधी दर्जाचे नसलेले ग्लायकॉल.

नियम सांगतो, प्रत्येक पिंपातून नमुना घ्या. वीस पिंपे आली तर वीस नमुने. हे काम करते कोण? दुपारच्या पाळीतला तरुण केमिस्ट, बीएस्सी होऊन एक-दीड वर्ष झालेला, पुष्कळदा कंत्राटावरचा. महिनाअखेर आली आहे, उत्पादन खात्याचा माणूस दर अर्ध्या तासाने येऊन विचारतो, झाले का रे? टँकमध्ये साखरेचा पाक तापून तयार. एका पिंपाच्या नमुन्यात काहीतरी खटकते. बॅच होल्डवर ठेवायची म्हणजे पाक फेकायचा, डिस्पॅच चुकणार, वरिष्ठाला रात्री फोन. तो केमिस्ट ‘थांबा’ म्हणू शकतो का? आणि म्हटले तर पुढच्या महिन्यात त्याचे कंत्राट टिकते का? औषध बनवणाऱ्या कंपनीविषयी मला दोनच गोष्टी कळल्या तर पुरेत, अशी मी नेहमी चेष्टा करतो: शेवटची बॅच कोणी अडवली आणि त्याला काय मिळाले.

औषध कारखाना कसा चालवावा हे सांगणाऱ्या औषध नियमांच्या परिशिष्ट ‘एम’मध्ये गुणवत्ता तपासणारा उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली नसावा, असे आहे. कागदावर तो नसतोही. टोयोटाच्या कारखान्यात रांगेवरचा साधा कामगार दोरी ओढून मदत मागतो आणि अडचण सुटेपर्यंत गाडी पुढे सरकत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक व्यवस्थापकाने प्रशिक्षणात ऐकलेले असते. दोरी लावायला खर्च येत नाही. ती ओढणाऱ्याकडे डोळे वटारून न पाहणे, याला मात्र फार खर्च येतो असे दिसते.

इथे छोटे कारखानदार म्हणतील, आणि ते म्हणतात ते सगळे खोटे नाही: तुम्हाला लेख लिहायला काय जाते? सुधारित परिशिष्ट ‘एम’ २०२४ च्या सुरुवातीला आले. २५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या कारखान्यांना मुदतवाढ मिळत मिळत ती ३१ डिसेंबर २०२५ वर गेली. नवी हवा-शुद्धीकरण यंत्रणा, नवी उपकरणे, शिकलेली माणसे. गोव्यात जमीन महाग, पाणी तुटपुंजे, चांगला माणूस मोठ्या कंपनीत किंवा परदेशी पळतो. निविदा मात्र सर्वांत कमी भावाची स्वीकारली जाते. सरकारी खरेदीच जर पैशापैशावर अडून बसत असेल तर स्वस्त पिंपाचा मोह कोणी निर्माण केला?

निविदेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. बाकीचा अर्धा. प्रत्येक कारखान्याने गॅस क्रोमॅटोग्राफ हे रसायने ओळखणारे यंत्र विकत घ्यावे असे कोणी म्हणत नाही. वसाहतीतल्या कारखान्यांनी मिळून एक सामाईक प्रयोगशाळा चालवणे, अन्न व औषध प्रशासनाने बांबोळीत माफक दरात नमुने तपासून देणे, हे गोव्यासारख्या छोट्या राज्यात फार अवघड नाही. काणकोणहून निघालेला नमुना दुपारपर्यंत बांबोळीला पोचतो. १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपाला सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला लागतो. म्हणजे व्यवस्था उभी करता आली. ती आधी निर्यातीच्या मुलांसाठी झाली, छिंदवाड्याच्या मुलांसाठी नाही, हे लिहिताना हात जड होतो.

अपघात झाल्यावरच नियम येतो, ही आपली रीत विजेच्या स्कूटरींतही दिसली. मार्च २०२२ मध्ये पुण्यात उभ्या असलेल्या स्कूटरीने पेट घेतल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचे मानक कडक झाले. एका सेलला आग लागली तर ती शेजारच्या सेलांत पसरते का, हे त्यानंतर तपासले जाऊ लागले. हा प्रश्न स्कूटर विकण्याआधी कोणाला पडला नसेल यावर माझा विश्वास नाही. पडला असेल. कोणाच्या तरी टेबलावर ती चिठ्ठी पडूनही असेल.

गोव्याच्या माणसाला कारखान्याविरुद्ध उभे राहता येत नाही असे कोणी म्हणू नये. केरी-फोंड्याच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्ध १९९५ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, आणि प्रकल्प गोव्यातून गेला. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा झोपेतून उठून घरे सोडावी लागलेले लोक आजही त्या रस्त्यावरच्या टँकरांकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. पण आपला सगळा पहारा कारखान्याच्या धुरावर, सांडपाण्यावर आणि टँकरवर. फाटकातून बाहेर पडणाऱ्या खोक्यांत काय आहे, हे ग्रामसभेत कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. खोकी दुसऱ्या राज्यात जातात, आपल्याला काय, असे असेल. आणि दुसऱ्या राज्यातून आपल्याकडे येणाऱ्या खोक्यांविषयी तिथल्या ग्रामसभेतही हेच असणार.

राज्य सरकारच्या हातात असलेली एक साधी गोष्ट मला बरेच दिवस सुचवायची आहे. गाडीचा प्रदूषणाचा दाखला काढताना पंपावरचा मुलगा गाडीचा क्रमांक संगणकात घालतो आणि गाडीची कुंडली समोर येते. ती केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीतून येते. त्याच क्षणी, ‘या गाडीचे परत बोलावणे बाकी आहे, अमुक भाग फुकट बदलून मिळेल’ एवढी एक ओळ मराठी आणि कोकणीत दाखल्यावर छापायला काय हरकत आहे? मालक लंडनला असो की मेहुणा गाडी चालवत असो, दाखला काढायला गाडीच पंपावर येते. सात वर्षांची अट केंद्राची आहे, पण कंपनीने स्वतःहून केलेले परत बोलावणे छापायला ती आड येत नाही. विम्याच्या नूतनीकरणाला हीच ओळ जोडता येईल. भाड्याच्या स्कूटरींना तर वाहतूक खाते परवाना देते. परत बोलावलेला भाग बदलल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण नाही, हे एका परिपत्रकाने होते. हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. परिपत्रक पावसाळ्यात निघाले तर गॅरेजवाल्यांनाही तेव्हा कामे कमी असतात.